छपाईच्या बिलापाशी अडलेली पदवी

परमपूज्य बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आमच्या समाजातील शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. १४ एप्रिलच्या सभेत ती यादी व्यासपीठावरून वाचली जाते, टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. परंतु या यादीतील कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. बाबासाहेबांच्या हाती नेमकी कधी पडली, असे विचारले तर बहुतेक व्यासपीठे गप्प होतील. न्यूयॉर्कमधला अभ्यास त्यांनी १९१६ साली संपवला. पदवी बहाल झाली १९२७ साली. मधली अकरा वर्षे गेली कुठे?

कोलंबिया विद्यापीठाचा त्या काळचा नियम असा होता की, प्रबंध नुसता लिहून भागत नाही, तो पुस्तकरूपाने छापून त्याच्या छापील प्रती विद्यापीठाकडे जमा केल्या पाहिजेत. त्याशिवाय पदवी नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीचे महिन्याला साडेअकरा पौंड, त्यातून स्वतःचे पोट, पुस्तके आणि घरी पाठवायचे पैसे. यात छपाईचा खर्च बसणार कुठे? १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठवलेले सामान, त्यातल्या पुस्तकांसह, महायुद्धात पाणबुडीच्या माऱ्यात समुद्राच्या तळाशी गेले. बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढे सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, पै पै साठवणे, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज आणि १९२० साली पुन्हा लंडन. तो प्रबंध अखेर १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशकाने पुस्तक म्हणून छापला. ‘ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती’ हाच तो ग्रंथ. प्राध्यापक सेलिग्मन यांची प्रस्तावना त्याला आहे आणि सयाजीराव महाराजांना तो अर्पण केलेला आहे. प्रती न्यूयॉर्कला पोचल्या, त्यानंतर १९२७ मध्ये पदवी आली.

विलंबाला छपाईचा खर्च हेच एक कारण होते असे आम्ही म्हणत नाही. युद्ध होते, नोकरी होती, लंडनचा दुसरा प्रबंध होता, ‘मूकनायक’ होता, बहिष्कृत हितकारिणी सभा होती. पण छापील प्रतींची ती अट मध्ये नसती तर जगातल्या एका नामांकित विद्यापीठाची पीएच.डी. अकरा वर्षे टांगून राहिली नसती, एवढे नक्की. बुद्धी कमी पडली नाही, अभ्यास कमी पडला नाही. काम पूर्ण होते आणि दारात छापखान्याचे बिल उभे होते.

योगायोग असा की त्याच १९१७ साली कलकत्त्यात आणखी एक तरुण अशाच बिलापाशी अडला होता. मेघनाद साहा. ढाक्याजवळच्या शेवडातली गावातील एका छोट्या दुकानदाराचा मुलगा. कलकत्त्याच्या वसतिगृहात उच्चवर्णीय मुलांनी त्याला आपल्या पंगतीला बसू दिले नव्हते. प्रकाशाचा दाब अणूंवर कसा निवडक परिणाम करतो, यावर साहांनी एक निबंध लिहिला आणि अमेरिकेतील ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’कडे पाठवला. संपादकांचे उत्तर आले की निबंध लांब आहे, छपाईच्या खर्चाचा काही भाग लेखकाने सोसला तर छापू. तो आकडा तीन अंकी डॉलरमध्ये होता. तुटपुंजा पगार आणि अंगावर आईवडील व धाकटा भाऊ, एवढे पैसे आणणार कुठून? निबंध कलकत्ता विद्यापीठाच्या स्थानिक नियतकालिकात छापला गेला. तो जगात कोण वाचणार? पुढे याच विषयावर युरोपात काम झाले, नाव झाले ते इतरांचे. जवळजवळ वीस वर्षांनी एका पत्रात साहांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. ताऱ्यांच्या वातावरणातील आयनीभवनाचे समीकरण देणारा, १९५२ साली लोकसभेवर निवडून गेलेला एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण हा सल त्याच्या मनातून गेला नव्हता.

आता कुणी म्हणेल, हे शंभर वर्षांपूर्वीचे झाले. आता संगणक आहे, इंटरनेट आहे, छापखान्याची गरजच कुठे राहिली? म्हणून आम्ही वाचकांना थोडे दक्षिण रत्नागिरीत घेऊन जातो.

रत्नागिरीहून पावसच्या पुढे गेले की मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथे, टेकडीवर छोटासा किल्ला आणि खाली खाडी, हे पूर्णगड. पलीकडे गावखडीचा किनारा, जिथे समुद्री कासवे अंडी घालायला येतात. पर्यटक किल्ला बघतात, सूर्यास्ताचा फोटो काढतात आणि निघून जातात. ओहोटी लागली की खाडीच्या वाळूत आणि खडकांवर वाकून मुळे, तिसऱ्या, कालवं काढणाऱ्या बाया कोणाच्या फोटोत नसतात. कोणत्या भांगाला काय मिळते, पावसाळ्यानंतर खाडीच्या कोणत्या अंगाला शिंपल्या लवकर मोठ्या होतात, वरून गाळ आला की कोणती जात आधी मरते, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. माता रमाईंचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत होते. कोकणच्या बंदरांशी आमचे नाते असे डोक्यावरच्या टोपलीचे आहे. होडी दुसऱ्याची आणि व्यापारही दुसऱ्याचाच.

समजा, अशाच एखाद्या खाडीकाठच्या बौद्धवाडीतील मुलगी एम.एस्सी. झाली आणि तिने ठरवले की आपल्या आजीला जे ठाऊक आहे ते शास्त्राच्या भाषेत मांडायचे. या मुलीचे नाव आम्ही देत नाही, कारण ती एक नाही. निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या अशा मुलामुलींनी चळवळीच्या शिबिरांत आमच्याशी जे बोलले, ते आम्ही पूर्णगडच्या काठावर एकत्र मांडत आहोत.

पीएच.डी.ला नोंदणी झाली. दर महिन्याला उधाणाच्या ओहोटीला पाण्यात उतरायचे, लोखंडी चौकट वाळूत ठेवायची, तिच्या आतले मुळे मोजायचे, लांबी मापायची, पाण्याचा खारेपणा नोंदवायचा. ओहोटी पहाटे चारला असो की भर उन्हात, ती थांबत नाही आणि एक महिना चुकला की वर्षाची नोंद लंगडी होते. होडीचे भाडे, बाटल्या, रसायने, प्रयोगशाळेच्या गावाला जाण्याचा एसटीचा खर्च, सगळे आधी स्वतःच्या खिशातून. अधिछात्रवृत्ती मंजूर आहे, पण तिचा हप्ता सहा महिन्यांनी, आठ महिन्यांनी येणार. तोपर्यंत मुंबईच्या गिरणगावात राहिलेला चुलता किंवा तासिका तत्त्वावर शिकवणारा भाऊ काय देईल ते.

तीन वर्षांच्या भरती-ओहोट्यांनंतर हाती आकडे येतात. त्यांचा निबंध लिहायचा तर आधी जगात या विषयावर कोणी काय लिहिले ते वाचावे लागते. जुना एकेक निबंध उघडायला प्रकाशक तीस-चाळीस डॉलर मागतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ ही योजना तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये देऊन मंजूर केली आणि सुमारे १३,००० नियतकालिके वाचण्यासाठी खुली केली, हे चांगलेच झाले. पण ती योजना केंद्र व राज्य सरकारच्या संस्थांसाठी जाहीर झाली. कोकणातील बहुतेक महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांनी चालवलेली. तिथल्या पोरांचे काय?

आणि छापायचे कुठे? पूर्वी नियतकालिकाचे पैसे वाचक किंवा ग्रंथालय भरत असे. आता पुष्कळ ठिकाणी वाचायला फुकट, पण लेखकाने पैसे भरायचे, अशी पद्धत आली आहे. २०२१ पासून ‘नेचर’सारख्या नियतकालिकाने या खुल्या प्रकाशनासाठी ९,५०० युरो आकार ठेवला. तेव्हाच्या भावाने हे आठ लाख रुपयांच्या वर जातात. मोठे प्रकाशक गरीब देशांतील लेखकांना माफी देतात, परंतु ती देशाच्या एकूण अर्थव्यवस्थेकडे पाहून. भारताची अर्थव्यवस्था मोठी, म्हणून भारतीय लेखक या यादीत सहसा बसत नाही. देशात अब्जाधीश वाढले, म्हणून मुचकुंदीच्या चिखलात उभ्या असलेल्या मुलीची माफी गेली! याला काय म्हणावे?

पैसे न घेणारी चांगली नियतकालिकेही आहेत, हे आवर्जून सांगतो, कारण आमच्या विद्यार्थ्यांना ते कोणी सांगत नाही. पण तिथे निबंध दोन-तीन तज्ज्ञांकडे जातो, सहा महिने, कधी वर्ष लागते, शेरे येतात, पुन्हा लिहावे लागते. हे दुखणे आजचे नाही. लंडनच्या परीक्षकांनी १९२३ साली बाबासाहेबांनाही ‘रुपयाचा प्रश्न’ पुन्हा लिहायला लावला होता आणि त्यांनी मुंबईत बसून तो सुधारून पाठवला होता. शेरा येणे हा अपमान नाही. प्रश्न त्या वर्षभरात जगायचे कशावर हा आहे.

नेमक्या याच वेळी मोबाईलवर तो संदेश येतो. ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त जर्नल. तीन दिवसांत स्वीकृती. शुल्क फक्त दोन हजार. प्रमाणपत्र मोफत.’

हा धंदा कसा चालतो ते समजून घ्या. आयएसएसएन क्रमांक म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे. तो नुसता नोंदणीचा आकडा असून मागेल त्याला विनाशुल्क मिळतो. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ म्हणून जो आकडा छापलेला असतो तो पुष्कळदा अशाच दुसऱ्या दुकानातून विकत आणलेला. संपादक मंडळावरच्या नावांतील काही जणांना आपले नाव तिथे आहे याचा पत्ताच नसतो. खऱ्या नियतकालिकाच्या नावाने हुबेहूब दुसरे संकेतस्थळ काढून पैसे घेणारेही आहेत. २०१८ साली पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये या गोष्टीचा पंचनामा केला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून घुसलेली १,००९ नियतकालिके त्यांनी तपासली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकषांवर नापास झाली. म्हणजे ही बाजारपेठ चोरवाटेने नव्हे, सरकारी यादीच्या राजमार्गाने आली होती! त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली, मग ‘केअर’ नावाची नवी यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून टाकली. आता ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर निवडावे. ज्याच्या घरात तीन पिढ्या प्राध्यापक आहेत त्याला निवड कशी करायची हे जेवणाच्या ताटावर कळते. ज्याची पहिलीच पिढी विद्यापीठात आली, त्याने कोणाला विचारायचे?

ही मागणी निर्माण कोणी केली, हेही बघा. २००९ च्या नियमावलीपासून पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी निबंध छापलेला असण्याची सक्ती होती. नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीने ती काढली. पण २०१८ च्या नियमावलीने सहायक प्राध्यापकाच्या निवडयादीसाठी एका निबंधाला २ गुण ठेवले होते. दोन गुणांना दोन हजार! नोकरी नाही, जागा भरत नाहीत, तासाच्या हिशोबाने शिकवून वय चाळिशीकडे चालले आहे, अशा माणसाने हा सौदा केला तर त्याला चोर म्हणण्याआधी आम्ही दहादा विचार करू. त्याला ज्यांनी या बाजारात ढकलले ते मात्र नामानिराळे राहतात.

परंतु एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी कायम लक्षात ठेवावी. निबंध एकदाच छापता येतो. तीन वर्षे पहाटेच्या ओहोटीला उतरून जमवलेले आकडे एकदा त्या दुकानात छापले की कोणतेही खरे नियतकालिक ते पुन्हा घेत नाही. दोन हजार रुपये गेले याचे दुःख नाही. ते परत कमावता येतील. २०२१ ची ती ओहोटी परत येणार नाही. उद्या खाडीत एखादा प्रकल्प आला, मुळे मेले आणि नुकसानभरपाईचा प्रश्न निघाला, तर आधी काय होते याचा पुरावा कुठे आहे? आजीचे ज्ञान कोर्टात चालत नाही, आणि नातीचा निबंध बोगस जर्नलमध्ये म्हणून वकील तो फेकून देणार. ज्या समाजाची कागदावर नोंदच नव्हती, त्याची नोंद आता झाली आणि ती अशा कागदावर झाली की कोणी मानत नाही. यासारखे दुसरे नुकसान नाही.

नावाचाही प्रश्न आहे. चिखलात कोण उतरले आणि निबंधावर पहिले नाव कोणाचे? मार्गदर्शकाचे नाव असावे, त्याने मार्गदर्शन केले असेल तर जरूर असावे. पण ज्याने खाडी पाहिलीच नाही त्याचे नाव पहिले आणि जिने मोजले तिचे चौथे, हा प्रकार आम्ही एकाहून अधिक ठिकाणी ऐकला आहे. तक्रार कोण करणार? अधिछात्रवृत्तीच्या प्रत्येक अहवालावर त्याचीच सही लागते.

त्या अधिछात्रवृत्तीचे राजकारण तर उघडच आहे. बार्टीच्या २०२१ च्या अधिछात्रवृत्तीसाठी ८६१ संशोधक पुढे आले, सरकार २०० च्या आकड्यावर अडून बसले आणि २०२३ साली आमच्या पोरांना प्रयोगशाळा व ग्रंथालय सोडून आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे बसावे लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधान परिषदेत तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनीच, पीएच.डी. करून हे काय दिवे लावणार, असा सवाल केला. जुलै २०२५ मध्ये परदेशी शिक्षणाच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीला निवडलेल्या १०६ जणांपैकी फक्त ४० जणांना पत्रे देऊन बाकीच्यांना निधी आला तर बघू असे सांगण्यात आले. बडोद्याची शिष्यवृत्ती १९१७ साली मुदत संपल्यावर थांबली होती. इथे ती सुरू होण्याआधीच थांबते. आणि रोहित वेमुलाला विसरून कसे चालेल? हैदराबादच्या त्या तरुणाला विज्ञानावर लिहिणारा लेखक व्हायचे होते. सात महिन्यांची थकलेली अधिछात्रवृत्ती, एक लाख पंच्याहत्तर हजार रुपये, आपल्या घरच्यांना मिळावी, एवढा हिशोब तो १७ जानेवारी २०१६ च्या शेवटच्या पत्रात मागे ठेवून गेला. ‘नेचर’नेच जानेवारी २०२३ मध्ये दाखवून दिले की अग्रगण्य आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत दलित-आदिवासी प्राध्यापक एक टक्काही नाहीत. गळती कुठे होते हे शोधायला आयोग नेमायची गरज नाही. हप्ता, मार्गदर्शक, जर्नल आणि मुलाखत, या चार ठिकाणी बसून बघा.

सरकारवर बोट ठेवले, आता घरात बघू. हे लिहिताना काही मित्र नाराज होतील, होवोत. फुले-शाहू-आंबेडकरांच्या नावाने एक दिवसाचे ‘राष्ट्रीय चर्चासत्र’ घ्यायचे, पाचशे-हजार रुपये नोंदणी घ्यायची, आलेला प्रत्येक निबंध न वाचता एका विशेषांकात छापायचा आणि दुपारच्या जेवणानंतर प्रमाणपत्रे वाटायची, हा उद्योग आमच्यातलेही काही प्राध्यापक करतात. समोर बसलेली पोरे आमचीच असतात. बाबासाहेबांचा ‘भारतातील जाती’ हा निबंध आधी १९१६ च्या मे महिन्यात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचला गेला, तिथे त्याची चर्चा झाली आणि वर्षभराने तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त आला. पंचवीस वर्षांच्या तरुणाने निवडलेले ते नियतकालिक त्या क्षेत्रातले नावाजलेले होते. त्यांच्या फोटोला हार घालून आपण बोगस अंक काढतो, हे त्यांच्या विद्वत्तेला शोभते का?

आम्हाला वाटते की प्रत्येक जिल्ह्यात पीएच.डी. झालेले आमचे पाच-सात प्राध्यापक सहज निघतील. त्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. नव्या संशोधकाचा मसुदा वाचावा, हे नियतकालिक खरे की खोटे एवढे सांगावे, इंग्रजी दुरुस्त करून द्यावे. याला इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. विहारातली सतरंजी पुरे. मुंबईतील कोकणच्या गावशाखा आणि बौद्धजन पंचायत समितीचे कार्यकर्ते गावच्या विहारासाठी वर्गणी काढतात, त्याच पावतीपुस्तकात ‘संशोधन साहाय्य’ असे एक पान घालावे. हप्ता रखडला तर होडीचे भाडे आणि एसटीचे पैसे त्यातून द्यावेत, हप्ता आला की विद्यार्थ्याने परत करावेत. नवल भथेनांनी मित्राला कर्जच दिले होते, दान नव्हे.

बार्टीकडे जी निवेदने जातात त्यांत रकमेच्या वाढीबरोबर एवढे लिहा: हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जमा व्हावा, मार्गदर्शकाची सही अडली तर विद्यापीठाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याची चालावी आणि चांगल्या नियतकालिकाने मागितलेला आकार पावती दाखवल्यावर वेगळा मिळावा. आणि ज्यांचे निबंध छापून आले आहेत त्यांनी त्याचा सार मराठीत दोन पानांत लिहून गावच्या विहारात वाचावा. पूर्णगडच्या खाडीत मुळे का कमी झाले, हे आधी त्या बायांनी ऐकले पाहिजे. त्यात काही चूक असेल तर त्या तिथल्या तिथे सांगतील, कुठल्याही परीक्षकापेक्षा लवकर.